मु. पो. लोहगाव

विमान पहाटे पाच वाजून पाच मिनिटांनी सुटणार होतं. आमच्या साडूंनी तिथपासून उलटी बेरीज सुरू केली. विमानात शिरायचं पाऊण तास आधी, म्हणजे चार वीस. त्याआधी तपासणी, तिथे रांग असणार, म्हणजे साडेतीन. बॅगा द्यायच्या, तिथेही रांग असणारच, म्हणजे अडीच. दारावर ओळखपत्रं दाखवायची, दोन. टॅक्सीवाला ऐनवेळी नाही म्हणतो, त्याचा अर्धा तास. रस्ता खणलेला असतो, त्याचा अर्धा तास. आणि ‘काहीतरी होतंच’ या सदराखाली आणखी एक तास. इथवर येईपर्यंत कागदावर रात्रीचे बारा वाजले होते.

बाराला निघायचं तर दहाला झोपून साडेअकराला उठण्यात काय अर्थ आहे, असं मेहुणीने विचारलं. आणि गजर वाजलाच नाही तर, असं साडूंनी विचारलं. या दोन प्रश्नांच्या कात्रीत आमची अख्खी रात्र सापडली. शेवटी ठरलं ते असं, की साडेनऊपर्यंत जेवून थेट विमानतळावरच जायचं आणि काय पेंगायचं ते तिथे पेंगायचं.

आम्ही चौघंही सदाशिव पेठेत राहतो, हे इथे सांगायला हवं. विमानतळावर रात्र काढायची वेळ येते ती ज्याचं विमान चुकलंय त्याच्यावर, नाहीतर ज्याचं त्या गावात कोणी नाही त्याच्यावर. आमच्या घरी धुतलेली चादर घातलेला पलंग होता. तो रिकामा ठेवून आम्ही त्याच गावातल्या खुर्च्यांवर झोपायला निघालो होतो. मुलाचा बंगळूरूहून फोन आला. “बाबा, एअरपोर्ट अकरा किलोमीटरवर आहे. तुम्ही सात तास आधी निघताय. चालत गेलात तरी पोचाल.”

साडूंनी माझ्या हातातून फोन घेतला. “चालत जायचं असतं तर आठलाच निघालो असतो,” ते म्हणाले.

तिकिटं मुलानेच काढून दिली होती. कोचीपर्यंत विमान, तिथून जहाजाने लक्षद्वीप. २०२४ च्या डिसेंबरातली ही गोष्ट. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो आणि परवान्यासाठी पोलिसांचा दाखला, की सदर इसमाविरुद्ध काही नाही. बँकेत जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजले, पण असं लेखी मला कोणी दिलं नव्हतं. चौकट करून भिंतीवर लावावं असं वाटलं. पूर्वी समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागे. समुद्र तर लांबच, याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधल्या एका चहावरून बहिष्काराचं ग्रामण्य उभं राहिलं आणि रानडे-टिळकांनाही त्याची झळ लागली. शुद्ध असल्याचं सिद्ध करणं आता परतीच्या बाजूकडून निघण्याच्या बाजूला सरकलंय, एवढाच फरक.

पुण्याच्या माणसाचं आणि मोठ्या पाण्याचं नातं तसं दुरूनच. आमचं पाणी म्हणजे मुठा, आणि तीसुद्धा खडकवासल्यातून किती क्युसेकने सोडली हे पेपरात वाचून कळणारी. भिडे पूल पाण्याखाली गेला की पाऊस झाला, हे आमचं मोजमाप. समुद्राच्या काठावर उभं केलं तर आम्ही आधी विचारू, याच्यावरचा भिडे पूल कुठाय?

खालच्या मजल्यावरच्या काकूंना मी क्रूझचं सांगितलं. त्यांनी नाक मुरडलं. “क्रूझ म्हणजे बोटच ना? मग बोट लागत नाही ना तुम्हाला?”

या ‘लागण्या’चं मला लहानपणापासून कौतुक आहे. माणसाला गाडी लागते, घाट लागतो, बोट लागते. आणि बोट धक्क्यालाही लागते. ‘बोट लागली’ एवढ्या दोन शब्दांवर एक माणूस सामान उचलतो आणि दुसरा पोट धरतो. काकूंनी आवळासुपारीची पुडी हातावर ठेवली. ती उत्तर म्हणून होती की निरोप म्हणून, ते कळलं नाही.

हिचं आणि तिच्या ताईचं मात्र तसं नाही. दोघींचं माहेर गिरगावातलं आणि आजोळ विजयदुर्गचं. त्या बोटीच्या शेवटच्या पिढीतल्या. मे महिन्यात आजीबरोबर भाऊच्या धक्क्यावरून निघायचं आणि एकेक बंदर मोजत जायचं: हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर. ‘कोकणसेवक’ आणि ‘कोकणशक्ती’ ही दोन नावं दोघी अजून माहेरच्या माणसांसारखी घेतात. माझ्यासारख्या देशावरच्याला मुसाकाजी हे बंदर आहे की कोणी गृहस्थ, इथपासून शिकावं लागलं.

सात तास आधी निघण्याच्या बेताला घरातल्या बायकांनी विरोध कसा केला नाही, याचं उत्तर या धक्क्यावर आहे. बोट सकाळची असे, पण आजी आदल्या संध्याकाळीच धक्का गाठायची. डेकवरची जागा सतरंजी पसरेल त्याची, म्हणून रांगेत पहिलं असावं लागे. मग रात्र धक्क्यावरच. वळकट्या, फिरकीचे तांबे, दशम्यांचे डबे, आंब्याच्या रिकाम्या करंड्या परत नेणारी माणसं, कोणाच्या तरी पिंजऱ्यातला पोपट. “बोटीच्या आदल्या रात्री घरी झोपायचंच नसतं,” मेहुणीने निकाल दिला. बोट कोचीहून सुटणार आहे, ही गोष्ट तिने तपशिलात काढली.

आजीचं आणखी एक होतं. बोटीत चढण्याआधी ती समुद्राला नारळ द्यायची. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आजीच्या ओळखीचं एक घर त्यात होतं. त्या वर्षापासून नारळाशिवाय तिने बोटीवर पाय ठेवला नाही. म्हणून या वेळी मेहुणीच्या पर्समध्ये, चष्मा, गोळ्या आणि परवान्याच्या झेरॉक्स यांच्यामध्ये, एक सोललेला, शेंडी राखलेला नारळ होता.

टॅक्सी वेळेवर आली. रस्ता खणलेला नव्हता. ‘काहीतरी होतंच’च्या तासात काहीही झालं नाही. बंडगार्डनचा पूल, येरवडा, तुरुंगाची लांबलचक भिंत, सगळं कसं हात धरून पुढे सरकवल्यासारखं मागे गेलं आणि साडेदहाच्या आधीच आम्ही विमानतळाच्या दारात उभे होतो. साडूंचा चेहरा पडला. राखून ठेवलेला वेळ अंगावर आल्यावर माणूस असा दिसतो.

दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं, घड्याळ पाहिलं, पुन्हा तिकीट पाहिलं.

“अंकल, ये तो सुबह का है.”

“हां, मालूम है,” साडू म्हणाले. त्यात एक अभिमान होता.

जवान हसला. एक वाजता या, म्हणाला. आवाजात एवढी अदब होती की आम्ही त्याच्या लग्नाला आदल्या दिवशीच पोचलोय असं वाटलं. आम्ही ट्रॉल्या बाजूला घेतल्या आणि कठड्याशी बसलो. डिसेंबरातली थंडी होती. हिने माझ्या डोक्यावर कानटोपी घातली. नव्या टर्मिनलच्या काचेत माझं प्रतिबिंब पडलं होतं. २०२४ च्या मार्चमध्ये उद्घाटन झालेल्या आणि जुलैत उघडलेल्या त्या लखलखीत इमारतीने ही कानटोपी सोसली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

आमच्या शेजारी काळी लुंगी नेसलेल्या दहा-बारा माणसांचा घोळका होता. गळ्यात माळा, पाय अनवाणी, आणि जवळ कापडात बांधलेली दुपदरी गाठोडी. शबरीमलाला निघालेले अय्यप्पाचे भक्त. कोचीचं तेच विमान. त्यातले वडीलधारे गृहस्थ मूळचे पालक्काडचे, पण जन्म सगळा खडकीत, दारूगोळा कारखान्यात नोकरी. मराठी आमच्याइतकीच, किंबहुना अधिक मऊ. एक्केचाळीस दिवसांचं व्रत धरलं की सगळे एकमेकांना ‘स्वामी’ म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. मुलगा बापाला स्वामी म्हणतो, बाप मुलाला. मी म्हटलं, आमच्याकडे वारीत सगळेच माउली असतात. “मग झालं तर,” ते म्हणाले आणि सरकून हिला बसायला जागा दिली.

त्यांची नजर आमच्या बॅगेवरच्या चिठ्ठीवर गेली. मेहुणीने चारही बॅगांवर पत्ता चिकटवला होता. “हे मु. पो. म्हणजे काय हो? इतकी वर्षं पाकिटांवर वाचतोय.”

मुक्काम पोस्ट, मी म्हटलं. म्हणजे राहायला अमुक गावी आणि पत्र यायचं ते अमुक टपालात. सांगता सांगता माझंच मला नवल वाटलं. सात पिढ्यांचं घर असलं, परसात स्वतःच्या हाताने लावलेला फणस असला, तरी मराठी माणूस पत्त्याची सुरुवात ‘मुक्काम’ने करतो. मुक्काम म्हणजे वाटेतला थांबा. पालखीचा असतो, वऱ्हाडाचा असतो, लष्कराचा असतो. तुकोबांच्या पालखीचा पुण्यातला मुक्काम नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. आणि आमचा? साठ वर्षं सदाशिव पेठेतून जो हललेला नाही, ज्याचा दूधवालासुद्धा बदललेला नाही, तोही स्वतःला मुक्कामी म्हणवून घेतो. टपालखात्याने आता पिनकोड दिला, पण ते मु. पो. काही सुटत नाही. घर बांधणाऱ्या माणसाने पहिल्याच शब्दाला घराला धर्मशाळा म्हणावं, यात नम्रता आहे की सावधपणा, सांगणं कठीण. पुण्यात दोन्ही एकाच आवाजात बोलतात.

त्या हिशेबाने त्या रात्रीचा आमचा पत्ता होता मु. पो. लोहगाव. गाव काही साधंसुधं नाही. तुकोबांचं हे आजोळ, आई कनकाईंचं माहेर. त्यांची कीर्तनं इथे रंगत. म्हणजे लोहगावात रात्र जागवण्याची रीत आमच्यापेक्षा पावणेचारशे वर्षांहून जुनी निघाली. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव देण्याचा प्रस्ताव मान्य केला होता. यात औचित्य मोठं आहे. मराठी माणसाला पहिलं विमान माहीत झालं ते तुकोबांचंच, वैकुंठाला नेणारं. ते देहूहून गेलं, आणि आपल्याबरोबर चला असं म्हणत तुकोबांनी सगळ्यांना बोलावलं होतं, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. कोणी आले नाहीत म्हणतात. आमचे साडू असते तर एक तरी प्रवासी इंद्रायणीकाठी सात तास आधी हजर असता.

एवढ्यात मेहुणीने पाण्याची बाटली काढायला पर्स उघडली आणि नारळाने शेंडी बाहेर काढली.

स्वामींनी तो पाहिला. “ताई, हा आत नाही चालणार.”

“तुमच्याकडे आहेत की,” मेहुणी म्हणाली. त्यांच्या गाठोड्यांत तूप भरलेले नारळ असतात, हे तिला ठाऊक होतं.

“आम्हाला या वेळेला परवानगी मिळाली आहे. २० जानेवारीपर्यंत. यात्रेला जाणाऱ्यांनाच.” आणि खरंच तसं होतं. एरवी विमानात हातातल्या सामानात नारळ नेता येत नाही. त्या वर्षी ऑक्टोबरात सरकारने शबरीमलाच्या यात्रेकरूंपुरती ती मोकळीक दिली होती.

“पण मीसुद्धा देवालाच द्यायला नेतेय.”

“कोणत्या?”

“समुद्राला.”

स्वामी गप्प झाले. नियमात समुद्राचं नाव नव्हतं. साडूंनी लगेच बॅगेत टाकण्याचा पर्याय मांडला. पण अख्खा नारळ तिथेही अडेल, फोडून तुकडे केले तर मोठ्या बॅगेतून जातील, असं स्वामींनी अनुभवाने सांगितलं. दरवर्षी जाणाऱ्या माणसाला वाटेची जेवढी माहिती असते तेवढी वाट बांधणाऱ्यालाही नसते.

मेहुणी बराच वेळ नारळ मांडीवर घेऊन बसली. मग उठली, पदर खोचला आणि विमानतळाच्या फरसबंदीच्या कडेवर तीन ठोक्यांत नारळ फोडला. साडूंनी खाली तांब्या धरला होता. हो, फिरकीचा. तो त्यांनी कुठून काढला हे मी विचारलं नाही. एका टॅक्सीवाल्याने डिकीतून स्क्रू-ड्रायव्हर आणून दिला, तो गरम पाण्याने धुवायचा हट्ट हिने धरला आणि सोडला. खोबरं सुटलं. नारळ फोडल्यावर माणसं आपोआप हात पुढे करतात. टॅक्सीवाले आले, एका कंपनीतले गळ्यात पट्टे घातलेले दोन तरुण आले, इराणी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ आले. स्वामींनी सगळ्यांना दोन्ही हातांनी घ्यायला लावलं. दारावरच्या जवानाला मी नेऊन दिलं. ड्यूटीवर आहे, म्हणाला, आणि इकडेतिकडे बघून खिशात टाकलं. निम्मं खोबरं मेहुणीने स्टीलच्या डब्यात घातलं आणि डबा मोठ्या बॅगेच्या तळाशी गेला.

“समुद्राला फोडलेला देऊन चालतो का?” हिने हळूच विचारलं.

“न चालून सांगतोय कोणाला,” ताई म्हणाली.

एक वाजता आत घेतलं. आत गेल्यावर पहिली गोष्ट दिसते ती उजेड. झोप येऊ नये असा नाही, पण झोपलात तर सगळ्यांना दिसेल असा. आणि दुसरी गोष्ट खुर्च्या. खुर्चीला हात असतात ते टेकायला, अशी माझी आजवरची समजूत होती. विमानतळावरच्या खुर्चीचे हात आडवं होऊ न देण्यासाठी असतात. तीन खुर्च्यांची एक रांग, त्यात मधे लोखंडी हात. माणसाने त्यावर झोपायचं तर त्याला चार ठिकाणी घडी घालावी लागेल. पुणे स्टेशनवरचे लाकडी बाक आठवले. त्यांच्यावर काय लिहिलेलं असायचं ते सोडा, पण माणूस सरळ पडू शकायचा.

या खुर्च्यांवर मी चार प्रकारे झोपून पाहिलं. पहिला, हातावर हनुवटी: कोपर निसटतं. दुसरा, मागे मान: तोंड उघडतं आणि दातांचा हिशेब जाहीर होतो. तिसरा, बॅगेला मिठी: यात समोरच्याला आपला संशय येतो. चौथा, सहचारिणीच्या खांद्यावर डोकं. लग्नाला सदतीस वर्षं झाल्यावर सार्वजनिक जागी हे करताना दोघांनाही खांदा कोणाचा आणि डोकं कोणाचं यावर तह करावा लागतो. आमच्या तहात खांदा माझा ठरला. स्वामींची मंडळी मात्र भिंतीच्या कडेने जमिनीवर पंचे अंथरून ओळीने झोपली होती, मिनिटाभरात. अनवाणी माणसाला जमीन परकी नसते बहुतेक.

पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर मेहरान करिमी नासेरी नावाचा एक इराणी गृहस्थ १९८८ पासून २००६ पर्यंत राहिला. कागदपत्रं हरवलेली, जायला देश नाही, म्हणून टर्मिनलमध्येच. एका लाल बाकावर. स्पीलबर्गने त्याच्यावरून सुचलेला सिनेमाही काढला. पुढे त्याला कागद मिळाले, शहरात राहायची सोयही झाली. पण अखेरच्या दिवसांत तो पुन्हा विमानतळावर आला आणि २०२२ च्या नोव्हेंबरात तिथेच गेला. पहिल्यांदा ही बातमी वाचली तेव्हा कीव आली होती. त्या रात्री खुर्चीच्या हातांमध्ये अडकून पडल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो त्या लाल बाकाला हात होते का, हा.

कुठूनतरी घरघर ऐकू आली. साडूंनी कान टवकारले, सुखोई असणार म्हणाले. ती फरशी पुसायची गाडी निघाली. पण त्यांचं चुकलं म्हणता येत नाही, लोहगावच्या बाजूने आवाज आला की पुणेकर आधी सुखोईच म्हणतो. १९३९ पासून हा लष्करी विमानतळ. १९९७ साली देशातली पहिली सुखोई इथेच आली. धावपट्टी हवाई दलाची. आपली प्रवासी विमानं म्हणजे तिथले पोटभाडेकरू. नळाची वेळ मालकाची, जिन्यातला दिवा मालकाचा. २०२० च्या ऑक्टोबरात धावपट्टीची डागडुजी काढली तेव्हा जवळजवळ वर्षभर रात्रीची विमानं बंद होती. वाड्याचा दिंडी दरवाजा आठला लावून घेतला की नंतर आलेल्याने कडी वाजवत बसायचं, तसं. पुरंदरला स्वतःचं घर बांधून जाण्याच्या गोष्टी बरीच वर्षं चालल्या आहेत. पण पुण्यातला भाडेकरू अशा गोष्टींनी लगेच सामान बांधत नाही, हे ज्यांनी एकदा वाड्यात दिवस काढलेत त्यांना सांगायला नको.

पुसायची गाडी गेली, मागोमाग हातात पोछा घेतलेल्या एक मावशी आल्या. गाडीला जे कोपरे जमत नाहीत ते त्यांच्या वाट्याचे.

“पाय वर घ्या, काका.”

आम्ही आठही पाय वर घेतले. मावशींनी पुसलं, मग थांबून आमच्याकडे, कानटोपीकडे आणि तांब्याकडे पाहिलं.

“कुठं चाललाय समदी?”

“बोटीवर,” मेहुणी म्हणाली.

मावशींनी पोछा उभा धरला. “बोटीवर? मंग हितं काय करताय?”

कोणालाच उत्तर सुचेना. मुलाने फोनवर हेच विचारलं होतं, पण त्याच्या विचारण्यात किलोमीटर होते. मावशींच्या विचारण्यात फक्त कुतूहल होतं. साडूंनी कोची, जहाज, वेळापत्रक असं सगळं नीट समजावून सांगितलं. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या लोहगावच्याच. घर धावपट्टीच्या पलीकडे. लहानपणी विमान गेलं की भांडी हलायची, आता सवय झाली, म्हणाल्या. उलट परगावी पाहुणी म्हणून गेलं की तिथल्या शांततेत झोप येत नाही.

“तुम्ही बसलात का कधी विमानात?” हिने विचारलं.

“ह्या. मला गाडी लागती.”

काकूंची आवळासुपारीची पुडी हिने त्यांना दिली. त्यांनी अर्धी घेतली, अर्धी परत केली. “तुम्हास्नी लागंल,” म्हणाल्या आणि पुढच्या रांगेतल्या पायांकडे वळल्या.

अडीचला बॅगा घेतल्या. साडूंच्या कागदात लिहिलेल्या वेळेला, मिनिटाचाही फरक नाही. ते कागद माझ्यासमोर धरून उभे राहिले आणि मी मान हलवली, कारण ती हलवणं भाग होतं. तपासणीला स्वामींची गाठोडी यंत्रातून गेली, एकदा पुन्हा पाहिली आणि सोडली. माझा पट्टा मात्र अडला. मग एकाच खिडकीपाशी सगळे. विमान समोर उभं, त्याला शिडी लागलेली. बाहेर अंधारात धावपट्टीचे दिवे. फोटो काढावासा वाटला, पण लष्करी जागा, काढायचा नाही. म्हणून नुसतं पाहिलं. फोटो काढता येत नाही तिथे माणूस जरा जास्त वेळ पाहतो. ताई आणि ही काचेला नाक लावून उभ्या होत्या. भाऊच्या धक्क्यावर पहाटे बोटीचे दिवे असेच दिसायचे का, मी विचारलं.

“नाही,” ही म्हणाली. “ते हलायचे.”

कोचीचं सांगण्यासारखं फार नाही. विमान वेळेवर गेलं, जहाज वेळेवर सुटलं, आणि माझ्या मेहुणीने धक्क्यावर समुद्राकडे पाहून, बॅगा आधीच वर गेल्याचं कारण सांगून, उधारी मागितली. जहाजात मऊ गादी होती. तिच्यावर आम्ही दोन रात्रींची झोप एका रात्रीत काढली. कोणाला बोट लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बेट दिसलं. पाणी असं की त्याला रंग म्हणताना संकोच वाटावा. जहाज बेटाला टेकलं नाही. आत पाणी उथळ, पोवळ्यांचं. ते बाहेरच उभं राहिलं आणि किनाऱ्यावरून लहान होड्या आल्या. जहाजाच्या कुशीतलं एक दार उघडलं. होडी खालीवर होत होती आणि दोन खलाशी प्रवाशांचे दंड धरून एकेकाला, लाट वर आली की नेमकं त्या क्षणी, खाली उतरवत होते.

“पडाव!” दोघी बहिणी एकदम म्हणाल्या.

विजयदुर्गला असंच असायचं. बोट लांब उभी, पडाव शेजारी येणार, आणि पोरांना गाठोड्यांसारखं वरच्या हातांतून खालच्या हातांत द्यायचं. साठीच्या पुढच्या त्या दोन बायका त्या होडीत अशा उतरल्या, की खलाशांचे हात हवेतच राहिले.

होडी सुटल्यावर मेहुणीने स्टीलचा डबा काढला. झाकण जरा घट्ट बसलं होतं. साडूंनी ते उघडून दिलं. एक तुकडा तिने पाण्यावर सोडला. तो बुडाला नाही, लाटेवर डुलत थोडा आमच्याबरोबरच आला, मग मागे राहिला. दुसरा तिने हिला दिला, तिसरा मला. खोबरं दोन दिवसांचं झालं होतं, तरी गोड होतं.

साडूंनी आपला तुकडा खाल्ला, हात पाण्यात धुतले आणि घड्याळ पाहिलं.

“परतीचं विमान परवा संध्याकाळी सहाचं आहे ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

ते थोडा वेळ ओठांतल्या ओठांत बेरीज करत राहिले.

“म्हणजे तसा फार वेळ नाही,” ते म्हणाले.